एका चौरस मीटरात पन्नास किलो टोमॅटो!

वर्गाच्या फरशीवर खडूने एक चौकोन आखा. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद. आता शेजारी बसलेल्या मित्राला विचारा, "एवढ्या जागेत टोमॅटो लावले तर किती किलो निघतील?"

मित्र शेतकऱ्याच्या घरचा असेल तर थोडा विचार करील आणि बहुधा बरोबर उत्तर देईल. आपल्या देशातील उघड्या शेतांची सरासरी काढली, तर एका चौरस मीटरामागे साधारण अडीच किलो टोमॅटो पदरात पडतात. चांगले संकरित बियाणे, तारेवर बांधणी, ठिबक सिंचन आणि वेळच्या वेळी खत मिळाले, तर हाच आकडा तिपटी-चौपटीने वाढतो. पण जगाच्या पाठीवर एक प्रदेश असा आहे, की तेथे तुम्ही आखलेल्या चौकोनाएवढ्या जागेतून वर्षभरात पन्नास किलो, आणि कधी त्याहूनही अधिक, टोमॅटो निघतात.

हा प्रदेश सुपीक काळ्या मातीचा आणि लख्ख उन्हाचा असेल, असे तुम्हांला वाटेल. तसे मुळीच नाही! तो आहे नेदरलँड्समध्ये. हा देश आपल्या महाराष्ट्राच्या सुमारे सातव्या हिश्श्याएवढा. त्याची एक चतुर्थांश भूमी समुद्रसपाटीच्याही खाली. हिवाळ्यात दुपारी साडेचारलाच तेथे अंधारून येते आणि आभाळ कित्येक दिवस ढगांनी झाकलेले असते. तरीही हा चिमुकला देश शेतमालाच्या निर्यातीत, मूल्याच्या हिशेबाने, अनेक वर्षे अमेरिकेच्या खालोखाल गणला गेला. २०२३ साली त्याची ही निर्यात सुमारे १२४ अब्ज युरो होती. यातला बराच माल बाहेरून आणून पुन्हा पाठवलेला असतो, हे खरे. तो वजा केला तरी उरणारा आकडा थक्क करणारा आहे.

हे कसे घडले? उत्तर एखाद्या यंत्रात किंवा एखाद्या बियाण्यात शोधू गेलात, तर ते सापडणार नाही. ते शोधण्यासाठी आपल्याला शेत, शाळा, प्रयोगशाळा आणि कारखाना यांच्यामधले अंतर मोजावे लागेल.

उपासमारीने शिकवलेला धडा

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, नेदरलँड्सचा पश्चिम भाग जर्मन सैन्याच्या ताब्यात होता. अन्नाची वाहतूक बंद पडली, कालवे गोठले, कोळसा संपला. शहरांतील माणसे साखरेचे बीट आणि ट्यूलिपच्या फुलांचे कंद उकडून खाऊ लागली. त्या हिवाळ्यात सुमारे वीस हजार माणसे भुकेने आणि थंडीने मेली. डच लोक त्याला आजही 'भुकेचा हिवाळा' म्हणतात.

युद्ध संपल्यावर सिक्को मान्सहोल्ट हे शेतीमंत्री झाले. ते स्वतः शेतकरी होते. अन्नासाठी पुन्हा असे हाल होऊ द्यायचे नाहीत, हे त्यांच्या सरकारचे पहिले ध्येय होते. पण जमीन वाढवायची कोठून? समुद्र हटवून थोडी मिळाली. पण खरी वाढ व्हायला हवी होती ती आहे त्या जमिनीच्या उत्पन्नात. त्यासाठी नवे ज्ञान हवे होते आणि ते कपाटात न राहता बांधावर पोहोचायला हवे होते.

आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात असते तशी एक तिवई डोळ्यांसमोर आणा. तिला तीन पाय. एक पाय जरी मोडला तरी तिवई कलंडते. डच लोकांनी शेतीच्या ज्ञानाची अशीच एक तिवई बनवली. पहिला पाय संशोधनाचा, दुसरा शिक्षणाचा आणि तिसरा विस्ताराचा. विस्तार म्हणजे संशोधकाला जे समजले ते शेतकऱ्यापर्यंत नेणे आणि शेतकऱ्याला जी अडचण आली ती संशोधकापर्यंत आणणे. यातला दुसरा भाग फार महत्त्वाचा आहे, आणि बहुतेक ठिकाणी नेमका तोच विसरला जातो.

या तिवईचे मुख्य ठाणे म्हणजे ऱ्हाईन नदीच्या एका शाखेवर वसलेले वाखेनिंगेन नावाचे छोटे गाव. तेथे १८७६ साली सरकारी शेतकी शाळा निघाली. १९१८ मध्ये तिला उच्च शिक्षणसंस्थेचा दर्जा मिळाला आणि पुढे तिचे विद्यापीठ झाले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस सरकारी शेती संशोधन संस्थाही या विद्यापीठाशी जोडल्या गेल्या.

हे कसले उद्यान?

'तंत्रज्ञान उद्यान' किंवा 'संशोधन उद्यान' हा शब्द तुम्ही वर्तमानपत्रात वाचला असेल. उद्यान म्हटले, की कारंजी, बाके आणि घसरगुंडी आठवते. या उद्यानात त्यांपैकी काहीच नसले तरी चालते. विद्यापीठ, संशोधन संस्था, मोठे कारखाने, नुकतेच सुरू झालेले छोटे उद्योग आणि ज्यांच्यासाठी हे सारे चालते ते शेतकरी यांना एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आणण्यासाठी वसवलेली जागा, म्हणजे असे उद्यान.

२००४ साली वाखेनिंगेन आणि आसपासच्या गावांनी मिळून 'फूड व्हॅली', म्हणजे 'अन्नाचे खोरे', या नावाची एक संघटना उभारली. जवळच एडे गावी १९४८ पासून दुधावर संशोधन करणारी 'निझो' ही संस्था आहे. बार्नेवेल्ड हे गाव कोंबड्यांसाठी प्रसिद्ध आहे. दुग्धव्यवसायातील एका मोठ्या सहकारी कंपनीने २०१३ मध्ये आपले संशोधन केंद्र वाखेनिंगेनच्या आवारात आणले. २०१९ मध्ये युनिलिव्हर कंपनीनेही खाद्यपदार्थांचे आपले संशोधन केंद्र तेथेच थाटले.

आता तुम्ही विचाराल, की टेलिफोन आणि संगणक असताना इतक्या जवळ येऊन बसण्याची गरज काय? त्याची कारणे साधी आहेत. पहिले कारण पैशाचे. अन्नातील सूक्ष्म घटक मोजणारी यंत्रे फार महाग असतात. छोट्या उद्योजकाला ती विकत घेणे परवडत नाही. पण शेजारच्या विद्यापीठातील यंत्र तासाच्या भाड्याने मिळाले, तर त्याचे काम भागते. दुसरे कारण माणसांचे. आज जो विद्यार्थी प्रयोगशाळेत शिकतो आहे, तोच उद्या पलीकडच्या कारखान्यात नोकरी धरतो किंवा स्वतःचा उद्योग काढतो, आणि जाताना ज्ञान बरोबर घेऊन जातो. तिसरे कारण गप्पांचे! चहा-कॉफीच्या टेबलावर बोलता बोलता एकाची अडचण दुसऱ्याच्या कानावर पडते. ठरवून घेतलेल्या सभेत अशा गोष्टी क्वचितच बाहेर येतात.

शेतकऱ्यांच्या बाबतीत हे तिसरे कारण अधिकच खरे आहे. रॉटरडॅम आणि हेग या शहरांच्या दरम्यान वेस्टलँड नावाचा भाग आहे. विमानातून पाहिले, तर जमिनीवर जणू काचेचा समुद्र पसरला आहे असे वाटते. साऱ्या देशात मिळून सुमारे नऊ ते दहा हजार हेक्टर जमीन अशा काचघरांखाली आहे. येथील उत्पादकांची अभ्यासमंडळे असत. मंडळातले सदस्य एकमेकांच्या काचघरांत जाऊन पीक पाहत, तापमान व उत्पन्नाचे आकडे उघड करत आणि चुका दाखवून देत. आपल्याकडची शिवारफेरी ती हीच! शेजारी हा आपला स्पर्धक असला, तरी त्याच्याकडून शिकण्यात अधिक फायदा आहे, हे त्यांना उमगले होते.

याच वेस्टलँडमधील नाल्डवाइक गावी २०१८ मध्ये 'वर्ल्ड हॉर्टी सेंटर' उघडले. एकाच छपराखाली तेथे बागायतीचे वर्ग भरतात, कंपन्या आपली यंत्रे मांडतात आणि संशोधनाची काचघरेही चालतात. वर्गातून बाहेर पडले, की समोर खरे पीक!

टोमॅटोला कशाची कमतरता आहे?

आता पुन्हा आपल्या खडूच्या चौकोनाकडे वळू. त्यातून पन्नास किलो काढायचे तर काय करावे लागेल?

ब्लॅकमन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०५ साली एक साधा पण मोलाचा नियम मांडला. प्रकाशसंश्लेषणाला प्रकाश, कार्बन डायऑक्साइड, योग्य तापमान अशा अनेक गोष्टी लागतात; पण त्याचा वेग ठरतो तो त्यांतल्या सर्वांत तुटपुंज्या गोष्टीवर. घरात पीठ भरपूर आहे, तवा मोठा आहे, पण गॅस मंद आहे. तर पोळ्यांचा वेग गॅस ठरवणार. अशा वेळी आणखी पीठ मळून उपयोग काय? गॅस मोठा केलात तर वेग वाढेल, पण थोड्याच वेळात लाटणाऱ्याचा हात कमी पडू लागेल. मग कमतरता तेथे आली! या तुटपुंज्या गोष्टीला 'मर्यादक घटक' म्हणतात. काचघराची सारी विद्या म्हणजे या मर्यादक घटकाचा पाठलाग होय.

डच शेतात पहिला मर्यादक घटक होता थंडी. काचेने ती अडवली. काचेतून सूर्यप्रकाश आत येतो, जमीन व पाने तापतात. पण तापलेली हवा वर जाऊन निसटू शकत नाही. म्हणून काचघर उबदार राहते.

ऊब मिळाल्यावर प्रकाश अपुरा पडू लागला. 'एक टक्का प्रकाश वाढला, की जवळजवळ एक टक्का उत्पन्न वाढते' असा डच उत्पादकांचा आडाखा आहे. म्हणून ते काचा वरचेवर धुतात, आतले खांब बारीक ठेवतात आणि जमिनीवर पांढरे आच्छादन घालून खाली पडलेला प्रकाश पुन्हा पानांवर परतवतात. हिवाळ्यात दिवे लावतात. काचघरातले रोप वर्षभर वाढत राहते; त्याची वेल दहा-बारा मीटर लांब होते आणि ती दोरीवर सरकवत सरकवत न्यावी लागते.

आता तिसरा घटक. बंद काचघरात हजारो झाडे एकदम कार्बन डायऑक्साइड शोषू लागली, की आतल्या हवेतला तो वायू कमी होतो. बाहेरच्या हवेत त्याचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग आहे. काचघरात ते मुद्दाम ८०० ते १,००० भागांपर्यंत वाढवतात. हा वायू आणायचा कोठून? येथे शेजारी असण्याचा फायदा पुन्हा दिसतो. रॉटरडॅमच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात हायड्रोजन तयार करताना कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो धुराड्यातून सोडून देण्याऐवजी २००५ पासून, पूर्वी तेलासाठी वापरलेल्या एका जुन्या नळातून, शेकडो काचघरांना पुरवला जातो. एकाचा टाकाऊ वायू, तो दुसऱ्याचे खत!

पाण्याचे काय? या टोमॅटोंची मुळे मातीत नसतातच. खडक वितळवून त्याचे बारीक तंतू काढतात, त्यांच्या लोकरीसारख्या गाद्यांवर रोपे वाढतात. पाणी आणि खत थेंबाथेंबाने मिळते. जास्तीचे पाणी खाली पन्हळीत जमते, ते निर्जंतुक करून पुन्हा वापरतात. अभ्यासकांनी केलेल्या एका तुलनेत उष्ण प्रदेशातील उघड्या शेतात, ठिबक असूनही, एक किलो टोमॅटोला सुमारे ६० लिटर पाणी लागत असल्याचे आढळले. डच काचघरात पाण्याचा फेरवापर केल्यास सुमारे १५ लिटर पुरतात.

शत्रूचा शत्रू

काचघरातली ऊब टोमॅटो-काकडीला आवडते, तशी किडींनाही आवडते. लाल कोळी ही कीड तुमच्यापैकी अनेकांनी वांग्याच्या किंवा भेंडीच्या पानामागे पाहिली असेल. टाचणीच्या टोकाएवढी ही कीड पानातला रस शोषते. औषधे मारून मारून असे झाले, की जे थोडे कोळी वाचत त्यांचीच पिल्ले वाढत. काही पिढ्यांनंतर औषधाला न जुमानणारी फौजच तयार झाली.

नाल्डवाइकच्या संशोधन केंद्रात १९६० च्या सुमारास एका वेगळ्याच कोळ्याचा अभ्यास चालू होता. हा कोळी पाने खात नाही. तो लाल कोळ्यालाच खातो. पण प्रयोगशाळेतल्या काचपात्रात तो लाल कोळी खातो हे सिद्ध झाल्याने शेतकऱ्याचा प्रश्न सुटत नाही. लाखो भक्षक कोळी वाढवणार कोण? ते जिवंत पोहोचवणार कसे? एकरी किती सोडायचे?

यान कोपर्ट नावाचे एक काकडी उत्पादक होते. त्यांना कीटकनाशकांची अ‍ॅलर्जी होती. त्यांनी आपल्या काचघरात हे मित्रकोळी वापरून पाहिले, ते यशस्वी झाले, तेव्हा शेजाऱ्यांनाही देऊ लागले. १९६७ मध्ये त्यातून एक उद्योग उभा राहिला. आज त्या कंपनीचे मित्रकीटक अनेक देशांत जातात. पाहा, संशोधकाकडे माहिती होती, शेतकऱ्याकडे निकड होती. दोघे एकमेकांपासून दूर असते, तर कदाचित एकाचा निबंध आणि दुसऱ्याचा आजार, दोन्ही तसेच राहिले असते.

मित्रकीटक वापरले, की वाटेल ते औषध मारता येत नाही. नाहीतर मित्रही मरतात. ही शिस्त १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणखी वाढली. टोमॅटोच्या फुलात परागकोश नळीसारखे जुळलेले असतात. परागकण बाहेर पडण्यासाठी फूल हलावे लागते. काचघरात वारा नाही. म्हणून मजूर हातात विजेचे कंपनयंत्र घेऊन एकेक घोस हलवत. बंबलबी ही मधमाशीच्या कुळातली केसाळ, गुबगुबीत माशी फुलाला लटकून आपले स्नायू थरथरवते आणि पराग झाडून काढते. शेजारच्या बेल्जियममधील एका पशुवैद्याने टोमॅटोसाठी तिचा उपयोग ओळखला. थोड्याच वर्षांत काचघरांत बंबलबीच्या पेट्या दिसू लागल्या आणि कंपनयंत्रे अडगळीत गेली.

'पाण्याचे बॉम्ब'

सगळे इतके छान चालले असताना १९९० च्या सुमारास डच उत्पादकांना मोठा फटका बसला. जर्मनी हे त्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक. जर्मन लोक डच टोमॅटोला 'पाण्याचा बॉम्ब' म्हणू लागले! टोमॅटो लालबुंद, गोल, टिकाऊ. पण चवीला नुसते पाणी. विक्री घसरली.

चूक कोठे झाली होती? सर्वांनी किलो मोजले होते, चव कोणीच मोजली नव्हती. मग संशोधकांनी चव मोजण्याची पद्धत बसवली. साखर किती, आम्लता किती, रस किती, साल किती चिवट, हे आकडे आणि प्रत्यक्ष खाणाऱ्या माणसांचे मत यांची सांगड घातली. बियाणे कंपन्यांनी नव्या जाती काढल्या. छोटे गोड टोमॅटो आणि देठासकट घोसाने विकले जाणारे टोमॅटो बाजारात आले. यांचे वजन कमी भरते, पण भाव चांगला मिळतो. उत्पादन वाढले म्हणजे उत्पन्न वाढलेच असे नाही, हा अर्थशास्त्राचा धडा टोमॅटोने दिला.

ताळेबंदाची दुसरी बाजू

इथपर्यंत वाचून तुम्हांला वाटेल, की सगळीकडे काचघरेच बांधावीत. थांबा. जमाखर्चाच्या वहीला दोन बाजू असतात.

काचघर तापवायला इंधन लागते. १९५९ मध्ये उत्तरेकडील ग्रोनिंगेन प्रांतात नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला आणि स्वस्त वायूवर काचघरे वाढली. पण जमिनीखालचा वायू उपसल्याने तेथे भूकंपाचे धक्के बसू लागले, घरांना तडे गेले. अखेर २०२३ च्या ऑक्टोबरात तेथील नियमित उपसा थांबला. त्याआधी २०२१-२२ मध्ये वायूचे भाव भडकले, तेव्हा अनेक उत्पादकांनी हिवाळ्यात दिवे लावलेच नाहीत; काहींची घरे रिकामी राहिली. आता काही जण जमिनीत दीड-दोन किलोमीटर खोल भोक पाडून तेथले गरम पाणी वर आणतात. पण स्वस्त इंधनावर उभी राहिलेली शेती इंधन महागताच किती डळमळते, हे साऱ्या जगाने पाहिले.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड आहे. फूड व्हॅलीच्या अगदी शेजारी फेल्युवे नावाचे मोठे संरक्षित वन आहे. आसपासच्या गोठ्यांतून आणि कोंबड्यांच्या खुराड्यांतून अमोनिया हवेत मिसळतो आणि जंगलातल्या निकस मातीवर उतरतो. नायट्रोजन हे खत आहे, मग बिघडले काय? निकस मातीवरच टिकणाऱ्या झुडपांना गवत गाडून टाकते, आणि त्या झुडपांवर जगणारे कीटक व पक्षी नाहीसे होतात. २०१९ च्या मे महिन्यात तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सरकारची नायट्रोजनविषयक परवाने देण्याची पद्धत रद्द ठरवली. जनावरांची संख्या कमी करण्याची भाषा सुरू होताच शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले. त्यांचे म्हणणेही विचार करण्याजोगे होते. जास्त पिकवा, असे त्यांना दोन पिढ्या याच शास्त्राने आणि सरकारने सांगितले होते. आता अचानक तेच गुन्हेगार कसे?

म्हणजे मर्यादक घटकाचा नियम साऱ्या देशालाही लागू पडतो! उत्पन्न वाढवता वाढवता आता माती, पाणी आणि हवा यांची सहनशक्ती हाच मर्यादक घटक झाला आहे. संशोधन उद्यानाने पुढचे उत्तर शोधायचे आहे ते याच प्रश्नाचे.

नाशिकची द्राक्षे आणि रॉटरडॅमचे बंदर

ही दूरदेशीची गोष्ट आपल्याही दाराशी येते. युरोपात जाणाऱ्या भारतीय द्राक्षांचा मोठा भाग रॉटरडॅमच्या बंदरात उतरतो आणि त्यातली बहुतेक द्राक्षे नाशिककडची असतात. २००३ साली नेदरलँड्समध्ये तपासणीत आपल्या द्राक्षांमध्ये कीटकनाशकांचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त आढळले. वर्षभर राबून पिकवलेल्या मालावर गंडांतर आले.

पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ मध्ये राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र स्थापन झाले होते. तेथील प्रयोगशाळेकडे अवशेष तपासणीच्या कामाचे मार्गदर्शन आले. निर्यातीच्या बागांची नोंदणी, काढणीपूर्वी नमुना, तपासणी, आणि पेटीवरच्या क्रमांकावरून थेट बागेपर्यंत माग काढण्याची सोय, अशी साखळी उभी राहिली.

तरीही २०१० मध्ये पुन्हा माल अडला. या वेळी कारण होते क्लोरमेक्वाट नावाचे वाढनियंत्रक. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरून डोळ्यांत घड तयार व्हावेत, म्हणून ते वापरले जाई. तपासायच्या रसायनांच्या आपल्या यादीत तेव्हा ते नव्हते. युरोपच्या यादीत मात्र होते, आणि मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. हिशेब करून पाहा. वीस टन द्राक्षे, म्हणजे मोठमोठे दोन ट्रक, आणि त्यांत सगळे मिळून फक्त एक ग्रॅम! शेतकऱ्यांचे आणि निर्यातदारांचे मोठे नुकसान झाले आणि त्यानंतर ते रसायन तपासणीच्या यादीत आले. प्रयोगशाळा जे शोधायला जाते तेच तिला सापडते. म्हणून काय शोधायचे हे ठरवताना शेतकरी, व्यापारी आणि शास्त्रज्ञ यांनी एकत्र बसायला हवे.

फुलांच्या बाबतीत आपण डच लोकांकडून बरेच घेतले. तळेगाव दाभाडे येथे औद्योगिक विकास महामंडळाने फुलशेतीसाठी खास क्षेत्र वसवले आणि डच साहाय्याने प्रशिक्षणाची सोयही झाली. मावळातील गुलाब आज परदेशी जातात. पण आपले हरितगृह डच काचघराची नक्कल नाही, हे लक्षात घ्या. त्यांना थंडी अडवायची असते, आपल्याला उष्णता बाहेर काढायची असते. म्हणून आपल्याकडे काचेऐवजी प्लॅस्टिकचा कागद, वर हवा जायला मोठी झरोकी, सावलीची जाळी आणि पाण्याचे धुके सोडणारी तोटी असते. दुसऱ्याचे उत्तर उचलण्याआधी आपला प्रश्न तोच आहे का, हे पाहावे लागते.

एवढ्यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. चकचकीत इमारत बांधून दारावर 'तंत्रज्ञान उद्यान' अशी पाटी लावली, की प्रगती होते असे नाही. बांधावरचा प्रश्न किती दिवसांत प्रयोगशाळेत पोहोचतो आणि त्याचे उत्तर किती दिवसांत बांधावर परत येते, यावरच त्या उद्यानाची परीक्षा होते.

वर्गासाठी दोन उपक्रम

१. मर्यादक घटक पकडा. हायड्रिला या पाणवनस्पतीची ताजी फांदी, कापलेले टोक वर करून, पाण्याने भरलेल्या काचेच्या भांड्यात ठेवा. ६० सेंटिमीटरवर दिवा ठेवा. दिव्याची उष्णता पाण्यात जाऊ नये म्हणून मध्ये पाण्याने भरलेली दुसरी काचेची बरणी ठेवा. एका मिनिटात किती बुडबुडे निघतात ते मोजा. मग दिवा ४०, २० आणि १० सेंटिमीटरवर आणून पुन्हा मोजा. प्रत्येक वेळी पाच मिनिटे थांबून मगच मोजायचे. दिवा आणखी जवळ आणूनही बुडबुडे फारसे वाढेनात, की पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा विरघळवा. सोड्यामुळे पाण्यात वनस्पतीला कार्बनचा जादा पुरवठा होतो. बुडबुडे वाढले का? वाढले असतील, तर आधी कमतरता कशाची होती?

२. आपल्या तालुक्याची तिवई तपासा. तालुक्याचा नकाशा काढा. त्यावर तुमची शाळा, माती तपासणी प्रयोगशाळा, कृषी विज्ञान केंद्र, बाजार समिती आणि शेतमालावर प्रक्रिया करणारे कारखाने दाखवा. मग गावातील पाच शेतकरी काकांना आणि मावशींना विचारा, "गेल्या वर्षी पिकावर अडचण आली तेव्हा तुम्ही कोणाला विचारले? उत्तर किती दिवसांनी मिळाले?" मिळालेली उत्तरे नकाशावर बाणांनी दाखवा. कोठे बाण मुळीच पोहोचत नाहीत, ते पाहा. तुमच्या तालुक्याच्या तिवईचा आखूड पाय तोच. तो कसा जोडता येईल, यावर वर्गात चर्चा करा आणि तुमच्या सूचना शिक्षकांमार्फत ग्रामपंचायतीला लेखी कळवा.